वर नाक, खाली हृदय

“सर, तुम्ही जरा हळू श्वास घ्याल का?”

मुलीने हात वर केला तेव्हा मेंग तेसूला वाटलं होतं, उत्तरपत्रिकेवरचं खोडायची पांढरी पट्टी हवी असेल. म्हणून पट्टी हातात तयार ठेवूनच तो लगबगीने तिच्या बाकाशी गेला, वाकला, कान पुढे केला, आणि कानात हे पडलं. “अं?” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मुलीची नजर प्रश्नपत्रिकेवरून हलली नव्हती. “तुमच्या नाकातून आवाज येतो, सर. तुम्ही अगदी माझ्या पाठीशी आहात. प्लीज, थोडं मागे थांबाल?” पलीकडच्या रांगेतला एक मुलगा गालातल्या गालात हसला, की तेसूलाच तसं वाटलं, देव जाणे. “हो हो, सॉरी,” असं पुटपुटत तो त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीपुढे चक्क कमरेत वाकला आणि उलट्या पावली मागच्या भिंतीपर्यंत गेला. तिथे पोचल्यावर त्याने श्वासच रोखून धरला. पन्नाशीचा माणूस, छातीवर पर्यवेक्षकाचा बिल्ला, आणि नदीत बुडी मारलेल्या पोरासारखे गाल फुगवून उभा! किती वेळ धरणार? सोडला तेव्हा नाकातून बारीक शीळ वाजली आणि ती त्याला आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकू आली. म्हणजे पोरगी खोटं बोलत नव्हती. त्याचे कान तापले, मग मान तापली, आणि शर्टाच्या आत पाठीवरून घामाचा एक थेंब खाली गेलेला त्याला कळला.

एवढी काळजी घेतली होती हो त्याने. कोरियातल्या देगू शहरातल्या प्रत्येक मास्तराला ठाऊक असतं, की नोव्हेंबरातल्या या गुरुवारी विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा मुलांची असते तशीच पर्यवेक्षकाचीही असते. कुणाच्या अत्तराचा वास आला, कुणाची चप्पल वाजली, कुणी दोनदा नाक ओढलं, की दुसऱ्या दिवशी एखादी आई शिक्षण कचेरीत फोन लावून बसते. म्हणून तेसूने दाढीनंतरचं पाणी लावलं नव्हतं. कालपासून लसूण तोंडात घातला नव्हता. दुपारी डबा अर्धाच खाल्ला होता, कारण भरल्या पोटाला गुरगुरायची खोड. आणि बुटांवर त्याने जाडे लोकरी मोजे चढवले होते. त्यावरून दुपारी शिक्षकांच्या खोलीत रसायनशास्त्राच्या प्यो बाईंनी त्याची फिरकीही घेतली होती. “मेंग सर, तुम्ही पर्यवेक्षणाला आलाय की घरफोडीला?” बुटांची व्यवस्था चोख. नाकाची कुणी सांगावी? नाकाचं हाड लहानपणापासून वाकडं, आणि आई त्याचं कौतुक करायची, की नाक अगदी बापाचं उचललंय म्हणून. आज सकाळीही निघताना त्याच नाकाखाली, म्हणजे तोंडात, तिने तांदळाच्या पाकाची चिकट वडी कोंबली होती. परीक्षेला जाणाऱ्याने ती खायची असते, म्हणजे तो पास होऊन कॉलेजच्या जागेला चिकटतो. “आई, मी पेपर लिहायला नाही, राखायला चाललोय.” “गप रे. चिकटलेलं बरं असतं.” ऐंशीची म्हातारी, पण या बाबतीत ऐकायची नाही. परीक्षेच्या महिन्यात तिच्या घरात समुद्री शेवाळाचं सार शिजत नसे, कारण ते बुळबुळीत, आणि बुळबुळीत खाल्लं की माणूस परीक्षेत घसरतो. घसरणे हा शब्दसुद्धा त्या महिन्यात तिच्या तोंडून निघायचा नाही. पायऱ्यांवर दव साचलेलं पाहून ती सकाळी मागून ओरडली होती, “जपून जा, पायरीवर जरा ते आहे!” तेसू हसत हसत उतरला होता. आता ते हसूही त्याला आठवायला नको वाटत होतं.

आणि गंमत अशी, की श्वास हाच त्याचा धंदा होता. शाळेत तो जुनी चिनी अक्षरं शिकवायचा. ती आता कुणालाच नको होती, वर्गात पाच-सहा मुलं, त्यातली दोन झोपलेली. मग मुख्याध्यापकांनी त्याच्या गळ्यात परीक्षेची भीती घालवण्याचं काम बांधलं, आणि बघता बघता तेच त्याचं नाव झालं. श्वासवाले सर! तो फळ्यावर श्वासाचं जुनं अक्षर काढायचा. दोन मजली अक्षर आहे ते. “हे बघा, वर नाक, खाली हृदय. आपल्या पूर्वजांना कळलं होतं, तुम्हाला का कळत नाही? नाकाला सांगा, ते हृदयाला सांगेल. चार मोजत आत. थांबा. चार मोजत बाहेर.” मुलं हसत हसत करायची, आणि खरंच त्यांचे खांदे उतरायचे. तो त्यांना बाकीचंही सांगायचा. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा, परीक्षेच्या जागी बसल्यासारखे सोडवा. रोज जे जेवता तेच त्या दिवशी जेवा. नवं पुस्तक शेवटच्या आठवड्यात उघडू नका, ते तुम्हाला आपलं अज्ञान दाखवण्यापलीकडे काही करणार नाही. शिक्षण कचेरीने त्याचं हे सगळं चित्रित करून शहरातल्या शाळाशाळांना वाटलं होतं. मासळीबाजारात एका अनोळखी बाईने त्याला हाक मारून विचारलं होतं, “तुम्ही ते वर नाक, खाली हृदय ना?” त्या दिवशी तो उगाचच मोठी मासळी घेऊन घरी आला होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आपण पर्यवेक्षणाला उभे राहिलो की आपलीच छाती धडधडते, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गाचं दार लागलं, कागदाचा तो पहिला एकसाथ सळसळाट झाला, की त्याला अजून पळून जावंसं वाटतं. पळू नये म्हणून तो उभ्या उभ्या चार मोजत श्वास घेतो, थांबतो, सोडतो. वर्षानुवर्षं घेतो आहे. आज त्या मुलीच्या पाठीमागे तो तेच करत होता. म्हणजे स्वतःच्या भीतीचा आवाज त्याने तिच्या मानेवर सोडला होता. हे लक्षात आल्यावर त्याला आणखी लाज वाटली, आणि लाज फार वेळ सोसत नाही माणसाला. थोड्या वेळाने तिचा राग व्हायला लागतो.

तो मुलीकडे मागून पाहू लागला. करडा जाड सदरा, खुर्चीवर घरून आणलेली शिवलेली गादी, केस आवळून बांधलेले, बाकाच्या कोपऱ्यात काट्यांचं घड्याळ. बाकावरच्या चिठ्ठीवर नाव होतं, यू दानबी. एका पायाने दुसऱ्या पायाचा अंगठा दाबून बसली होती. बहाणा शोधतेय, त्याला वाटलं. तीस मुलं बसली आहेत, एकालाही माझं नाक ऐकू येत नाही, हिलाच येतं? पेपर जड जातोय, म्हणून मास्तराचं नाक! आता कुणी म्हणेल, की बाबा रे, तूच तर त्या चित्रफितीत सांगितलंस, त्रास झाला तर लाजू नका, सरळ हात वर करा, पर्यवेक्षक काही तुम्हाला खाणार नाही. सांगितलं होतं. पण ते खऱ्या त्रासाबद्दल. बहाण्याबद्दल नव्हे. बहाणा कसा असतो हे तेसूला पुस्तक वाचून शिकायचं नव्हतं. खाई त्याला खवखवे.

कारण त्याच्या चित्रफितीत एक बुटांची गोष्ट होती. तिच्यावर मुलं पोट धरून हसत. “माझ्या परीक्षेला एक पर्यवेक्षक होते. त्यांचे बूट वाजायचे. चुईं, चुईं. गणित सोडवायला घेतलं की चुईं. मी गेलो की हो वाहून!” गोष्ट रंगवून सांगायचा, वर्गात चालून दाखवायचा. त्या काळी परीक्षा डिसेंबरात व्हायची. त्या वर्षी तो अभ्यासिकेत जायचा म्हणून निघे आणि तिथल्या पडद्याआडच्या खणात चित्रकथा वाचून, डोकं टेकून झोपून घरी येई. डोळे लाल असत, आई म्हणे किती वाचतोस रे. मग तो दिवस आला, गणिताचा कागद उघडला, आणि कागदावर काहीच नव्हतं. छापलेलं होतं सगळं, पण त्याला दिसत नव्हतं. बाहेर आला तेव्हा आई फाटकाशी सकाळपासून हात जोडून उभी होती, केसांत बर्फाचे कण. ती काही विचारण्याआधीच तो बोलून गेला, “आई, त्या सरांचे बूट वाजत होते.” तेवढ्यावर भागलं असतं. पण आई कसली ऐकते? दुसऱ्या दिवशी त्याच्या मनगटाला धरून ती त्या शाळेत गेली, त्या मास्तरांना शोधून काढलं आणि सगळ्या शिक्षकांसमोर ताडताड बोलली. “माझ्या पोराचं वर्ष खाल्लंत तुम्ही!” मास्तर म्हातारे होते. पायांत रबराचे मऊ, बिनआवाजाचे बूट. त्यांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं, मग तेसूकडे पाहिलं, एकदाच. आणि आईपुढे वाकून म्हणाले, “चुकलं माझं, बाई.” पुढच्या वर्षी तेसू अभ्यास करून पास झाला, मास्तर झाला, आणि त्या बुटांचा त्याने विनोद केला. विनोद केला की गोष्टीची धार जाते म्हणतात. रबराच्या बुटांची गेली नव्हती.

इतिहासाचा पेपर संपला. मुख्य पर्यवेक्षक ह्वांग सरांनी तो गोळा केला आणि ऐच्छिक विषयांचा जाडजूड गठ्ठा वाटला. यातच दरवर्षी पोरं फसतात. प्रत्येकाने आपले दोन विषय काढायचे, एक आत्ताचा, एक नंतरचा. एकाच उत्तरपत्रिकेवर दोघांचे रकाने शेजारी शेजारी. ह्वांग सर घसा साफ करून देवळातल्या भटजीच्या सुरात वाचू लागले, “पहिल्या विषयाची वेळ संपली, की त्या रकान्याला हात लावायचा नाही. नवीन उत्तर भरायचं नाही, जुनं खोडायचं नाही. लावलात तर हा एक पेपर जाणार नाही, सकाळपासूनचे सगळे पेपर जातील. वर्ष जाईल. समजलं?” प्यो बाई खिडकीच्या बाजूला उभ्या होत्या, तेसू मागे. दानबीने भूगोल काढला.

या पेपरात तेसूची स्वतःची एक पद्धत होती. दोन विषयांच्या मध्ये जो जरासा वेळ असतो, त्यात तो रांगांमधून एक फेरी मारायचा. बोलायचं काही नाही. नुसतं प्रत्येक घाबरलेल्या पोराच्या बाकाशी क्षणभर थांबायचं. माणूस जवळ उभा राहिला की हात जरा जपून चालतो. आणि फेरी पुरली नाही तर खोकला. मागे एकदा एका मुलाचं पेन नेमकं मेलेल्या रकान्याकडे वळताना त्याने पाहिलं होतं आणि असा दणकून खोकला होता, की मुलगा दचकला, पेन हवेत राहिलं, आणि पुढचं सगळं टळलं. नियमात खोकला लिहिलेला नाही. पण जुन्या पर्यवेक्षकांच्या घशात तो असतो.

भूगोल संपल्याची घंटा झाली. मुलांनी कागद पालटले. फेरीची वेळ. तेसूचा पाय उचलला गेला आणि लोकरी मोज्यासकट तिथेच टेकला. हिनेच सांगितलंय ना, मागे थांबा म्हणून? मग थांबतो मागे. ती म्हणेल तसं. हे वाक्य मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, गोड वाटलं. रुसलेल्या माणसाला जेवायला बोलावल्यावर ‘भूक नाही’ म्हणताना वाटतं तसं. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि शहाण्या माणसासारखा तोंडाने, अगदी सावकाश, आवाज न करता श्वास घेऊ लागला.

दुसरा विषय सुरू झाला. दानबीचा हात कापत होता, ते मागूनही दिसत होतं. बाही थरथरत होती. मग तिने एक विचित्र गोष्ट केली. मान न वळवता डोकं जरासं मागे कलवलं, कान मागच्या बाजूला दिल्यासारखं, आणि तशीच काही क्षण थांबली. हं, अजून तपासतेय! नाक ऐकू येतंय का बघतेय! तेसूने श्वास पुरता बंद केला. घे. आता काय म्हणशील? तिने डोकं पुन्हा खाली घातलं.

ती भरभर सोडवत होती. समाजशास्त्राच्या उत्तरांचे गोळे एकामागून एक काळे करत होती. आणि मध्येच पेन थांबलं. तेसूला लांबचं उत्तम दिसतं, जवळचं दिसत नाही. त्याला तिथून स्पष्ट दिसलं, की पेन डावीकडे चाललंय. भूगोलाच्या रकान्यात, काळ्या गोळ्यांच्या ओळीत, एक जागा पांढरी राहिली होती. दात पडल्यासारखी. पेन त्या जागेवर येऊन थांबलं. तेसूच्या घशात खोकला आला. त्याने आणला नाही, सवयीने आपोआप आला, थेट जिभेच्या मुळापर्यंत. आणि त्याने तो गिळला. आवाज नको ना तुला? हेच शब्द. दुसरे कुठलेही शब्द त्या वेळी त्याच्या डोक्यात नव्हते, पुढे कितीही शोधले तरी सापडले नाहीत. पेन खाली आलं. पांढरी जागा काळी झाली. मुलीने हलकेच सुस्कारा टाकला, घरातला गॅस बंद केल्याची खात्री करून बाहेर पडणाऱ्या बाईसारखा, आणि ती पुन्हा समाजशास्त्राकडे वळली.

तेसूने मान वर केली तर प्यो बाई त्याच्याकडेच पाहत होत्या. त्यांनी पाहिलं होतं, पण खिडकीकडून, तिरकं. त्यांचे डोळे विचारत होते, तुम्हीही पाहिलंत का? मला नक्की दिसलं नाही हो, तुम्ही सांगा. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांचं हे पहिलंच वर्ष. नाही म्हणायला मान किती हलवावी लागते? तेवढीच, जेवढी हो म्हणायला. त्याची मान हलली. हो.

मग छातीत एकदम रिकामं झालं. राग कुठल्या कुठे गेला, पण त्याच्या जागी काहीच येईना. नियम असा आहे, की अशा मुलाला लगेच उठवायचं नाही, पेपर पूर्ण करू द्यायचा, मग सांगायचं. म्हणून शेवटची घंटा होईपर्यंत तेसूला ती लिहिताना पाहावं लागलं. कुठल्याशा प्रश्नाला तिने बोटांवर काही मोजलं. एकदा उत्तर खोडायला पट्टी मागितली, प्यो बाईंकडे. पट्टी बाकावर ठेवून प्यो बाई पटकन खिडकीकडे परतल्या. शेवटी सगळे गोळे पुन्हा एकदा पेनाच्या टोकाने हवेत मोजून तिने पेन ठेवलं, घड्याळ मनगटावर बांधलं, आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून बसून राहिली. तिचे खांदे उतरले होते. तो व्यायाम जमल्यावर उतरतात ना, तसे.

पेपर गोळा झाल्यावर दानबीला केंद्रप्रमुखांच्या खोलीत नेलं. तिथे जवाचा चहा ठेवला होता, कुणी घेतला नाही. केंद्रप्रमुख मवाळ माणूस, जमीन पाहत बोलणारा. “रकान्याचा नियम ऐकला होतास ना, बाळ?” “हो.” “मग?” “एक गोळा रिकामा दिसला, सर. हात गेला.” तिला अजून रडू आलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं सांगितल्यासारखी सांगत होती. “निर्णय वरून येईल,” केंद्रप्रमुख म्हणाले, आणि तो काय येणार हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग त्यांनी ह्वांग सरांना विचारलं, “दोन विषयांच्या मध्ये मागच्या बाजूला कुणी फिरलं होतं का?” ह्वांग सरांनी तेसूकडे पाहिलं. तेसूने तोंड उघडलं. नेमकं काय सांगायचं होतं, देव जाणे, पण त्याच्या आधी ती बोलली.

“सरांचा दोष नाही. मीच त्यांना मागे थांबा म्हटलं होतं.”

“का?”

दानबी तेसूकडे वळली. समोरून त्याने तिला आता पहिल्यांदा पाहिलं. कपाळावर पुरळ, खालचा ओठ चावून चावून फुटलेला. “सर, तुम्ही ते वर नाक, खाली हृदयवाले ना? मी आत येतानाच ओळखलं. गेल्या वर्षी मी अर्ध्या पेपरातून उठून गेले होते, उलटी झाली मला. या वर्षी रोज सकाळी तुमच्याबरोबर श्वास घेतला. तुमचा आवाज लावून. आई म्हणायची, हे सर आता घरचेच झाले, यांनाही ताट वाढू का!” ती किंचित हसली आणि ते हसू पाहून प्यो बाई खिडकीकडे वळल्या. “आज मागून अगदी तस्साच श्वास यायला लागला. मी वाचायचं सोडून तुमच्याबरोबर चार मोजायला लागले. थांबताच येईना. पेपर पुढे सरकेना. मग तुम्हीच सांगितलंय ना, लाजायचं नाही, हात वर करायचा. खूप हिंमत करून बोलले, सर.”

“बरं केलंस,” तेसू म्हणाला.

“पण शेवटच्या विषयाला हातच कापायला लागला. मग वाटलं, तो आवाज परत यावा. कान देऊन पाहिलं. काहीच नाही. माझ्यासाठी किती जपून श्वास घेत होतात तुम्ही.” आणि ती कमरेत वाकली, पार खाली, केसांचा शेपटा पुढे पडला. “तुम्हाला उगाच त्रास दिला. चुकलं माझं, सर.”

तेसूला बोलायचं होतं. खोकला आला होता, पोरी, घशात आला होता. एवढं एक वाक्य. त्याने ते मनात जुळवलंही. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं उभं होतं, त्याच्या मागे रबराचे बूट, आणि पहिलं काढलं की सगळं बाहेर येणार होतं, या लोकांसमोर, या पोरीसमोर. केंद्रप्रमुखांनी पेन पुढे केलं. “मेंग सर, साक्षीची सही.” त्याने सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं, जुन्या अक्षरांच्या मास्तराला शोभेल असं.

फाटकाशी आता गर्दी उरली नव्हती. सकाळी फाटकाच्या लोखंडावर आयांनी चिकटवलेल्या पाकाच्या वड्या तेवढ्या राहिल्या होत्या आणि त्यांवर धूळ बसली होती. एकच बाई उभी होती, जाड कोटात, छातीशी गरम पाण्याची बाटली धरून. दानबी पुढे, तेसू चार पावलं मागे. त्याला थांबायचं होतं, दुसऱ्या दाराने जायचं होतं, पण दुसरं दार बंद होतं. “का गं इतका उशीर? सगळी पोरं कधीच गेली, माझ्या जिवाचं पाणी झालं!” मुलगी म्हणाली, “काही नाही, कागद होते थोडे.” आईची नजर तेसूच्या बिल्ल्यावर गेली, मग चेहऱ्यावर, आणि ती दोन्ही हात तोंडावर नेत ओरडलीच, “अगं बाई! हे तेच ना? आपले श्वासवाले सर! दानबी, तुझ्याच वर्गावर होते? बघ, म्हणत होते ना, देव आहे म्हणून!” खिशातून एक संत्रं काढून तिने त्याच्या हातात कोंबलं. दिवसभर खिशात राहून ते कोमट झालं होतं. “दिवसभर उभे असाल, पाय मोडले असतील. सर, एक सांगा. ही स्वतःहून काही सांगायची नाही मला. तुम्ही बघितलंय. निभावलं ना हिने?”

दानबी त्याच्याकडे पाहत होती. ती काही खुणावत नव्हती, मागत नव्हती. नुसती वाट पाहत होती, दुपारी प्यो बाई पाहत होत्या तशीच. आणि तेसूची मान हलली. हो.

बाईने डोळ्यांना पदरासारखी कोटाची बाही लावली, तीनतीनदा वाकली, आणि लेकीचा दंड धरून उताराला लागली. रस्ताभर गिंकोची पिवळी पानं ओली होऊन पसरली होती. “घरी शेवाळाचं सार टाकून आलेय,” तिचा आवाज वर येत होता, “वर्षभर तरसलीस ना? आज पोटभर खा. अगं, जपून, पानांवर जरा ते आहे…” आणि मग ती एकदम थांबली, स्वतःशीच मोठ्यांदा हसली. “मी पण वेडी! आता कशाला घाबरायचं? झाली की परीक्षा! घसरशील गं, घसरशील! ऐकलंस? घसरशील म्हटलं मी!” वर्षभर तोंडात धरलेला तो शब्द ती आता रस्त्याने मनसोक्त म्हणत चालली होती, आणि दानबी तिच्या कोटाला घट्ट धरून, पाय जपून टाकत, तिच्याबरोबर हसत होती. तेसू कोमट संत्रं हातात धरून फाटकाशी उभा होता आणि आपला आवाज त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून श्वास रोखून धरत होता.